जळला एक, जाळलं दुसऱ्यानं

ॲम्प्लिफायरमधून धूर आला की दुरुस्तीची एक ठरलेली पद्धत आहे. झाकण उघडायचं, काळा पडलेला भाग शोधायचा, बाजारातून तसाच नवा आणायचा, सोल्डर करायचा आणि बटण दाबायचं. बऱ्याचदा सेट चालूही होतो. कधी दोन मिनिटं चालतो, कधी दोन दिवस. मग पुन्हा तोच करपट वास येतो आणि या खेपेला नव्या भागाबरोबर शेजारचे आणखी दोन जातात.

यात सोल्डरिंगची चूक नसते आणि विकत आणलेला भागही बहुतेक वेळा चांगलाच असतो. चूक निदानात असते. जो भाग जळलेला दिसतो त्यालाच आपण बिघाड समजतो. प्रत्यक्षात तो बिघाडाचा परिणाम असतो. बिघाड झालेला भाग अनेकदा बाहेरून अगदी कोरा, धडधाकट दिसतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, असा हा प्रकार.

घरच्या ध्वनियंत्रणेत, म्हणजे ॲम्प्लिफायर, होम थिएटर, सबवूफर, जुना डेक यांत, सर्वांत जास्त वेळा जळून काळा पडलेला दिसतो तो रेझिस्टर. म्हणून या प्रकरणात त्यालाच धरून चालू. बिघाड शोधण्याची रीत मात्र बहुतेक सगळ्या भागांना लागू पडते.

उष्णता येते कुठून

रेझिस्टरमधून वीज वाहिली की तो तापतो. किती तापतो याचा नियम मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमधल्या जेम्स जूल यानं १८४१ मध्ये मांडला. तयार होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते आणि प्रवाह दसपट झाला तर शंभरपट.

ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरला ०.२२ ओहमचा पांढरा, चौकोनी, सिमेंटचा रेझिस्टर जोडलेला असतो. क्षमता ५ वॅट. गाणं चालू नसताना त्यातून साधारण ५० मिलिअँपिअर वाहतात. तेव्हाची उष्णता अर्धा मिलिवॅट, म्हणजे नसल्यातच जमा. आवाज मोठा केल्यावर ३ अँपिअर गेले तर २ वॅट. तेही त्याला सहज झेपतं. पण १० अँपिअर वाहिले की २२ वॅट होतात आणि ५ वॅटच्या रेझिस्टरची काही क्षणांत राख होऊ लागते.

हे १० अँपिअर रेझिस्टरनं स्वतःहून ओढले का? नाही. त्याचं काम अडवण्याचं आहे. प्रवाह वाढला तो त्याच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या कुठल्या तरी भागानं अडवणं सोडून दिलं म्हणून. त्यामुळे जळलेला रेझिस्टर दिसला की 'हा का गेला?' या प्रश्नापेक्षा 'याच्यातून एवढा प्रवाह कुणी ओढला?' हा प्रश्न उपयोगी पडतो.

या नियमाला अपवाद आहेत. रेझिस्टर मुळातच तोकड्या क्षमतेचा बसवला असेल तर तो वर्षानुवर्षं भाजत राहतो आणि एक दिवस आपला आपणच जातो. त्याची खूण वेगळी असते. ती पुढे पाहू.

हात घालण्यापूर्वी

धूर दिसला की आधी भिंतीवरचं बटण बंद करा आणि प्लग काढा. सेटचं स्वतःचं बटण पुरेसं नाही. अनेक सेटमध्ये ते बंद असतानाही आतल्या काही भागांना २३० व्होल्ट मिळत असतात.

प्लग काढला तरी धोका संपत नाही. सप्लायचे मोठे कंडेन्सर वीज साठवून ठेवतात. ४० व्होल्टला भरलेल्या ४७०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये पावणेचार जूल ऊर्जा असते. तिनं माणूस सहसा मरत नाही, पण स्क्रूड्रायव्हर टेकवून शॉर्ट केला तर त्याचं टोक वितळतं आणि कंडेन्सरच्या आतल्या जोडण्यांना धक्का बसतो. त्याऐवजी १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी कंडेन्सरच्या दोन टोकांना लावून अर्धा मिनिट धरा. मग मीटरनं व्होल्टेज मोजा. एक व्होल्टच्या खाली आलं असेल तरच पुढे जा.

एसएमपीएस, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरऐवजी छोटा स्विचिंग सप्लाय असलेल्या सेटमध्ये प्रकरण गंभीर असतं. तिथे २३० व्होल्ट थेट डीसी करून घेतले जातात आणि कंडेन्सरवर ३२५ व्होल्टच्या आसपास उभे राहतात. हा भाग वायरिंगच्या लाइनपासून वेगळा केलेला नसतो. मीटर हाताळण्याचा सराव नसेल तर या भागाला हात लावू नका. आजचे बहुतेक साउंडबार आणि सबवूफर याच जातीचे असतात.

आधी डोळे आणि नाक

मीटर उचलण्यापूर्वी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. कुठली तार कुठल्या कनेक्टरला होती हे संध्याकाळपर्यंत कुणालाच आठवत नाही. मग दिव्याखाली बोर्ड नीट वाचा.

जळण्याच्या दोन तऱ्हा असतात. रेझिस्टर काळाकुट्ट, तडकलेला, पण त्याखालचा बोर्ड बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर अपघात अचानक झाला. एका झटक्यात मोठा प्रवाह गेला. याउलट बोर्डवर भोवती तपकिरी डाग पसरलेला असेल, कडेला फिका होत गेलेला, खालच्या बाजूला सोल्डर निस्तेज आणि गोल भेगाळलेलं असेल, तर तो भाग वर्षानुवर्षं भाजत होता. पहिल्या खुणेचा अर्थ शेजारी शॉर्ट शोधा. दुसरीचा अर्थ रेझिस्टरची क्षमता आणि आसपासचे कंडेन्सर तपासा.

उष्णतेच्या शेजारी बसलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर हळूहळू सुकतात. मेकॅनिक त्याला 'कंडेन्सर ड्राय झाला' असंच म्हणतात. त्यांचं एक सोपं गणित आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. डोक्यावरची सपाट, चिरा पाडलेली टोपी फुगली असेल किंवा बुडाशी तपकिरी चिकट थर दिसत असेल तर तो कंडेन्सर गेला. टोपी सपाट असली म्हणून तो चांगलाच आहे असंही नाही.

वासही बोलका असतो. जळक्या रेझिस्टरचा वास तिखट आणि कोरडा. ट्रान्सफॉर्मरच्या वार्निशचा वास गोडसर, जड आणि खोलीत तासभर रेंगाळणारा. गळलेल्या कंडेन्सरचा वास माशासारखा.

फ्यूजची काच पाहा. तार मधेच बारीक वितळून तुटली असेल तर भार थोडाच जास्त होता. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर थेट शॉर्ट झालेला होता. काचेच्या फ्यूजवर कुणी तांब्याची तार गुंडाळलेली आढळली तर पुढची अर्धी कहाणी तिथेच कळते. फ्यूजनं जायचं होतं, त्याऐवजी बाकीचे गेले.

आपल्याकडच्या सेटमध्ये आणखी काही साक्षीदार सापडतात. वायुवीजनाच्या फटीतून शिरलेली पाल सप्लायच्या दोन टोकांवर आडवी होऊन मरते. पावसाळ्यात धुळीचा थर ओल धरतो आणि विजेला वाट देतो. इमारतीचा न्यूट्रल तुटला तर एका फेजवरच्या घरात २३० ऐवजी चारशेच्या दिशेनं व्होल्टेज चढतं. मग सप्लायच्या तोंडाशी बसवलेला, चकतीसारखा व्हॅरिस्टर फुटतो. तो त्यासाठीच असतो. अशा वेळी शेजाऱ्याचा पंखा, फ्रिज गेला का एवढं विचारलं तरी निदान होतं.

पुसलेली व्हॅल्यू

बदलायचा भाग कोणत्या व्हॅल्यूचा, हा पहिला व्यावहारिक अडसर. रंगाच्या पट्ट्या भाजल्यावर फसवतात. लाल तपकिरी दिसतो, नारिंगी लालसर होतो, पिवळा मळतो. तेवढ्या फरकानं २२० ओहमचा रेझिस्टर १२० चा वाटतो.

स्टिरिओ ॲम्प्लिफायरमध्ये यावर रामबाण उपाय जवळच असतो. डावा आणि उजवा चॅनल एकाच आराखड्याचे असतात. उजवीकडचा जळला तर डावीकडच्या त्याच जागेवरचा वाचा. पुढच्या तपासातही हाच चॅनल कामाला येतो. एकेका बिंदूवर दोन्हीकडे मोजायचं आणि जिथे आकडे जुळत नाहीत तिथे थांबायचं. सर्किट डायग्राम हाती नसतानाही निम्म्या दुरुस्त्या या एका युक्तीवर होतात.

जळालेला भाग दोन्ही चॅनलना समाईक असेल, म्हणजे सप्लायमध्ये असेल, तर दुसरा मार्ग. फिल्म रेझिस्टर सहसा मधल्या एका ठिकाणी तुटतो. वरचा रंग हलकेच खरवडा. एका टोकापासून तुटीपर्यंत मोजा, मग दुसऱ्या टोकापासून, आणि बेरीज करा. आकडा थोडा कमी येईल, कारण जळालेला तुकडा मोजला जात नाही. पण बाजारात सगळ्याच व्हॅल्यू मिळत नाहीत. नेहमीच्या मालिकेत १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ आणि त्यांच्या दसपटी एवढेच आकडे असतात. बेरीज ७९० आली तर मूळ भाग ८२० चा होता असं मानायला हरकत नाही.

सिमेंटच्या रेझिस्टरवर रंग नसतात, अक्षरं छापलेली असतात. '०आर२२' म्हणजे ०.२२ ओहम. 'आर' दशांशचिन्हाच्या जागी येतो, खोडला जाऊ नये म्हणून. शेवटचा 'जे' म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. एवढा लहान रोध साध्या मीटरवर मोजायला जाऊ नका. मीटरच्या तारांचाच रोध तेवढा असतो. त्यातून १ अँपिअर सोडून टोकांमधलं व्होल्टेज मोजा. ०.२२ व्होल्ट आले की भाग बरोबर.

याही मार्गानं कळलं नाही तर गणित. सप्लाय ४० व्होल्टचा आहे आणि टोन कंट्रोलच्या आयसीसाठी झेनर डायोडनं १५ व्होल्ट तयार केलेत असं धरा. मधला रेझिस्टर गेला. आयसींना २० मिलिअँपिअर, झेनरला १० म्हणजे एकूण ३० मिलिअँपिअर लागतात. रेझिस्टरनं ४० वजा १५, म्हणजे २५ व्होल्ट खायचे. २५ भागिले ०.०३, उत्तर ८३३. जवळची व्हॅल्यू ८२०. उष्णता पाऊण वॅट. म्हणजे इथे अर्ध्या वॅटचा रेझिस्टर बसवलेला असेल तर तो भाजणारच होता, एक वॅटचाही कुरकुरत चालेल. दोन वॅटचा बसवा आणि त्याचे पाय लांब ठेवून बोर्डापासून अर्धा सेंटिमीटर उचलून धरा, म्हणजे खालून हवा खेळेल.

तीन जागा, तीन कारणं

ॲम्प्लिफायरमध्ये जळालेला रेझिस्टर कोणत्या जागी आहे यावरून कारणाकडे बोट दाखवता येतं. तीन जागा वारंवार भेटतात.

*आउटपुटचा एमिटर रेझिस्टर.* हा जळाला की जवळपास नेहमी आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो. स्पीकरच्या तारेचा एखादा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकतो, किंवा ८ ओहमसाठी बनवलेल्या सेटला चार स्पीकर समांतर जोडून रात्रभर वरात चालते. सिलिकॉन ट्रान्झिस्टर बेसुमार तापला की बहुधा कलेक्टर आणि एमिटर यांच्यामध्ये शॉर्ट होतो. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. चांगल्या सांध्यावर एका दिशेनं ०.५ ते ०.७ व्होल्ट दिसतात आणि उलट दिशेनं काहीच नाही. कलेक्टर-एमिटरमध्ये दोन्ही दिशांनी शून्याच्या जवळ आकडा येऊन बीप वाजला तर तो गेला. बोर्डवर मोजताना बाकीचे भाग फसवू शकतात. संशय आला की पाय सोडवून पुन्हा मोजा.

एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की सप्लायचे ४० व्होल्ट डीसी सरळ स्पीकरवर येतात. ८ ओहमच्या स्पीकरची गुंडाळी डीसीला ६ ओहमच्या आसपास भरते. सहा-साडेसहा अँपिअर वाहतात, एमिटर रेझिस्टरवर ९ वॅट आणि स्पीकरवर २४५ वॅटच्या आसपास. म्हणून अशा सेटबरोबर वूफरची गुंडाळीही तपासायची. संरक्षक रिले असला तरी त्याचे संपर्क डीसीच्या ठिणगीनं चिकटलेले नाहीत ना, हेही पाहायचं.

इथेच थांबलात तर नवा ट्रान्झिस्टर पुन्हा जाईल. त्याला चालवणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, बेसचे छोटे रेझिस्टर आणि बायसची जोडणी तपासल्याशिवाय सप्लाय देऊ नका. बायस म्हणजे शांत अवस्थेत आउटपुटमधून वाहणारा थोडासा प्रवाह. ट्रान्झिस्टरचं तापमान १ अंशानं वाढलं की त्याच्या बेस-एमिटरला लागणारं व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टनं घटतं. बायस तेवढाच ठेवला तर प्रवाह वाढतो, प्रवाहानं ताप वाढतो, तापानं पुन्हा प्रवाह. हे चक्र रोखण्यासाठी एक छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला घट्ट चिकटवून त्याच्याकरवी बायस आपोआप उतरवलेला असतो. आधीच्या दुरुस्तीत कुणी तो हीटसिंकवरून सोडून तसाच लोंबकळत ठेवला असेल तर तुमच्यासमोरचा काळा रेझिस्टर त्या निष्काळजीपणाचं बिल आहे. बायसचा छोटा प्रीसेटही पाहा. काही सर्किटांत त्याचा सरकता संपर्क धुळीनं सुटला की बायस एकदम कमाल होतो.

*झेनरचा रेझिस्टर.* वरच्या उदाहरणातला ८२० ओहमचा. पलीकडे झेनर, फिल्टर कंडेन्सर किंवा आयसी यांपैकी एक शॉर्ट झाला तर रेझिस्टरवर २५ ऐवजी पूर्ण ४० व्होल्ट येतात आणि उष्णता पाऊण वॅटवरून जवळजवळ २ वॅटवर जाते. तो एका झटक्यात फुटत नाही, मिनिटभर धुमसतो. तपास सोपा आहे. रेझिस्टर काढा आणि १५ व्होल्टची रेषा ते ग्राउंड यांमधला रोध मोजा. तो चार-पाच ओहमच्या खाली असेल तर शॉर्ट तिकडेच. मग प्रत्येक संशयिताचा एकेक पाय उचला आणि दर वेळी मोजा. ज्याचा पाय उचलल्यावर आकडा उसळी घेतो, तोच. पाय उचलायचे नसतील तर प्रवाहमर्यादा असलेल्या बेंच सप्लायनं दोन-तीन व्होल्ट द्या आणि बोट फिरवा. शॉर्ट झालेला भाग गरम लागतो.

रेषा शॉर्ट नसेल आणि बोर्डवर जुना तपकिरी डाग असेल, तर गुन्हेगार कुणीच नाही. मूळ आराखड्यातच कंजुषी होती. जास्त वॅटचा रेझिस्टर घालून मोकळे व्हा.

*झोबेलचा रेझिस्टर.* ही जागा सर्वांत जास्त गंडवते. स्पीकरच्या टर्मिनलजवळ १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर एकापाठोपाठ जोडून ग्राउंडला नेलेले असतात. बेल कंपनीतल्या ओटो झोबेल या अभियंत्याच्या नावानं ही जोडी ओळखली जाते. ॲम्प्लिफायर स्थिर राहावा एवढंच तिचं काम.

आता ५० वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात वाजतोय असं समजा. आउटपुटला २० व्होल्ट. १००० हर्ट्झच्या सुरावर कंडेन्सरचा अडथळा जवळपास १६०० ओहम असतो, त्यामुळे रेझिस्टरवर दोन मिलिवॅटही पडत नाहीत. २० हजार हर्ट्झ, म्हणजे कानाच्या मर्यादेवर, अडथळा ८० ओहमवर येतो आणि रेझिस्टरवर ०.६ वॅट पडतात. पण वारंवारता ५ लाख हर्ट्झ झाली की अडथळा उरतो फक्त तीन ओहम आणि त्याच २० व्होल्टला रेझिस्टरवर ३६ वॅट येतात. गाण्यात ५ लाख हर्ट्झ नसतात. तेव्हा हा रेझिस्टर काळा झाला असेल तर पहिला प्रश्न: त्याच्या जोडीचा कंडेन्सर शॉर्ट आहे का? नसेल, तर उत्तर एकच उरतं. ॲम्प्लिफायर स्वतःच ऐकू न येणाऱ्या उंच सुरात आंदोलन करत होता.

सप्लायचे कंडेन्सर ड्राय होणं, बोर्डचा ग्राउंडचा स्क्रू ढिला पडणं, मूळ ट्रान्झिस्टरऐवजी जास्त वेगवान बसवणं किंवा भरपाईचा छोटा कंडेन्सर सुटणं, यांपैकी काहीही कारण असू शकतं. ऑसिलोस्कोप असेल तर तो लावताच दिसतं. नसेल तर दोन खुणा आहेत. गाणं नसताना हीटसिंक भाजतो. आणि मीडियम वेव्हचा रेडिओ शेजारी ठेवून काटा फिरवला की ठरावीक जागी घरघर किंवा शिट्टी येते, कारण ५ लाख हर्ट्झच्या आंदोलनाची दुप्पट १० लाख हर्ट्झवर, म्हणजे त्याच पट्ट्यात पडते. इथे नुसता रेझिस्टर बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बदलताना

जुना भाग काढल्यावर बोर्ड तपासा. जळून काळा झालेला बोर्ड म्हणजे कोळसा, आणि कोळशातून वीज वाहते. वरवर पुसून भागत नाही. काळा भाग ब्लेडनं किंवा छोट्या ड्रिलनं कोरून स्वच्छ थर लागेपर्यंत काढा, भोक पडलं तरी चालेल. तुटलेल्या पट्टीच्या जागी तार ओढा. हे न केल्यानं नव्या भागाशेजारी महिन्याभरात पुन्हा ठिणगी पडलेले बोर्ड मेकॅनिकच्या टेबलावर नेहमी येतात.

सप्लायमधले काही रेझिस्टर मुद्दाम फ्यूजचं काम करण्यासाठी घातलेले असतात. भार वाढला की ते ज्वाळा न काढता तुटतात. त्यांच्या जागी दुकानात सहज मिळणारा साधा कार्बन रेझिस्टर घातला तर पुढच्या शॉर्टला तो पेट घेईल. व्हॅल्यू आणि वॅट एवढंच न सांगता 'फ्यूजिबल' किंवा 'फ्लेमप्रूफ' असं स्पष्ट मागा. एसी लाइनवर थेट बसणाऱ्या कंडेन्सरच्या बाबतीतही असंच. त्यावर एक्स किंवा वाय वर्गाची खूण हवीच. व्होल्टेज जुळतं म्हणून दुसरा बसवू नका.

पॉवर ट्रान्झिस्टर विकत घेताना डोळे उघडे ठेवा. २एससी५२०० आणि त्याचा जोडीदार २एसए१९४३ यांच्या नकला बाजारात सर्रास मिळतात. अस्सल भाग १५ अँपिअर आणि १५० वॅटचा. नकलेत आतली सिलिकॉनची चकती बरीच लहान असते आणि पहिल्या मोठ्या आवाजाला ती जाते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तापकीर गल्ली, ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. भाव निम्मा असेल तर संशय घ्या. दोन्ही ट्रान्झिस्टर एकत्र बदला.

बसवताना खालचा अभ्रकाचा तुकडा पाहा. तो तडकला असेल तर कलेक्टर हीटसिंकला टेकतो आणि सगळी मेहनत एका क्षणात वाया जाते. दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा पातळ हात फिरवा, स्क्रू आवळा आणि मीटरनं ट्रान्झिस्टरची पाठ ते हीटसिंक यांत शॉर्ट नाही याची खात्री करा. फ्यूज मूळ आकड्याचाच घाला. त्यावर 'टी' असेल तर सावकाश जाणारा, 'एफ' असेल तर झटपट जाणारा.

पहिल्यांदा सप्लाय देताना

दुरुस्त केलेला सेट सरळ भिंतीच्या सॉकेटला लावू नका. जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या टेबलावर एक सिरीज बोर्ड असायचा, आजही असतो. एका होल्डरमध्ये १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब आणि त्याच्या सिरीजमध्ये सॉकेट. एलईडी बल्ब इथे चालत नाही.

बल्बची तार थंड असताना तिचा रोध ४० ओहमच्या आसपास असतो आणि पूर्ण पेटल्यावर ५२९ ओहम. सेट ठीक असेल तर बटण दाबताच कंडेन्सर भरून घेताना बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटलेला राहतो आणि सेटला अर्ध्या अँपिअरच्या आतच वीज मिळते. एवढ्यानं नवे ट्रान्झिस्टर सहसा वाचतात. स्पीकर या वेळी जोडायचे नाहीत. एसएमपीएस असलेले काही सेट बल्बमधून नीट सुरू होत नाहीत, अडखळतात. तिथे ही चाचणी निर्णायक मानू नका.

बल्ब मंद झाला की तीन मापं घ्या. स्पीकर टर्मिनलवरचं डीसी व्होल्टेज: काही दहा मिलिव्होल्टच्या आत हवं. दोन्ही बाजूंचे सप्लाय: अधिक आणि उणे जवळपास सारखे हवेत. एमिटर रेझिस्टरवरचं व्होल्टेज: ५० मिलिअँपिअर बायसला ०.२२ ओहमवर ११ मिलिव्होल्ट येतात. बायसचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. ते नसेल तर चांगल्या चॅनलवरचा आकडा बघा. मग बल्ब काढून सरळ जोडा आणि पुन्हा तीच मापं घ्या. अर्धा तास सेट तसाच चालू ठेवून तिसऱ्यांदा घ्या. गरम झाल्यावर बायसचा आकडा चढतच राहिला तर चक्र अजून सुटलेलं नाही. बंद करा आणि हीटसिंकवरच्या छोट्या ट्रान्झिस्टरकडे परत जा.

आकडे जागेवर थांबले तर सुरुवातीला एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर जोडा आणि तासभर मध्यम आवाजात वाजवा. मग झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख, बदललेले भाग, घेतलेली मापं आणि बिघाडाचं कारण पक्क्या शाईनं लिहून ठेवा. पुढच्या वेळी सेट उघडणाऱ्याला, मग तो तुम्हीच का असेना, तपासाची सुरुवात तिथून करता येते. कारणाची ओळ मात्र प्रामाणिकपणे लिहायची. शॉर्ट ट्रान्झिस्टर, ड्राय कंडेन्सर, ढिला ग्राउंड, तारेचा सुटा धागा, जे सापडलं ते. काहीच सापडलं नसेल तर सेट दुरुस्त झाला असं लिहू नका. 'चालू झाला' एवढंच लिहा आणि आवाज बेतानं ठेवा.